बार्शी लाइट रेल्वेचे ‘ए’ वर्गाचे इंजिन, १:६ प्रमाणात : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

१८ जून २०२३ : प्रमाण

बार्शी लाइट रेल्वेची पहिली लाइन, कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ साली सुरू झाली. आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची, गेज (दोन रुळांमधले अंतर) २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. त्या लाइनसाठी लीड्सच्या किट्सन कंपनीने ०-८-४ टँक इंजिने (पाण्याच्या टाक्या इंजिनावरच) बांधली: जोडलेली आठ चाके आणि मागे चार चाकांची बोगी. यालाच ‘ए’ वर्ग म्हणतात. आमच्या जिल्ह्यात धावलेले हे इंजिन वाफेवर पुन्हा चालताना पाहायचे, एवढ्यासाठी त्याचे सहापट लहान, चालते मॉडेल बांधण्याचे हे काम आहे.

७६२ ला ६ ने भागले की बरोबर १२७ येते, आणि १२७ मिमी म्हणजे पाच इंच गेज. चाकांच्या मापांपासून रुळांपर्यंत सगळी तयार मानके या गेजला मिळतात. मूळ नकाशा फूट-इंचात असल्यामुळे एका फुटाचे दोन इंच, इतका सोपा हिशेब बसतो.

पूर्ण आकाराचे इंजिन नव्याने बांधता येत नाही असे नाही. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरी पर्वतीय रेल्वेसाठी एक्स वर्गाची इंजिने नव्याने बांधली आहेत. पण त्यामागे रेल्वेचा अख्खा कारखाना उभा होता. आमच्याकडे दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि एमआयडीसीतली ओळखीची माणसे. शिवाय २५ लिटरपेक्षा कमी मावणारा बॉयलर बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही; आमचा सुमारे ६ लिटरचा आहे. कायदा लागू नसला तरी चाचण्या सोडायच्या नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवले.

काम सुरू करण्याआधी एक हिशेब करून घ्या. कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक धुऱ्यावरचा भार ५ टनांवर बांधून ठेवला होता, म्हणजे जोडलेल्या चार धुऱ्यांवर २० टन. १:६ मध्ये वजन २१६ पटींनी घटते, म्हणून मॉडेलच्या त्याच चाकांवर जेमतेम ९४ किलो राहतात. पिस्टनचे क्षेत्रफळ मात्र ३६ पटींनीच घटते. नकाशाला नुसते सहाने भागून सिलिंडर केले आणि दाब मूळचा ठेवला, तर रेग्युलेटर (वाफ सोडायचा व्हॉल्व्ह) उघडताच चाके जागच्या जागी फिरतील आणि गाडी हलणार नाही. म्हणून स्ट्रोक (पिस्टनची चाल) नकाशाप्रमाणे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) कमी करून ३६ मिमी आणि कामाचा दाब ५ किलो प्रति चौ. सेंमी. (पुढे दाब नुसता ‘किलो’त). बाहेरून दिसणारे सगळे नकाशाप्रमाणे. ज्यात वाफ, पाणी किंवा आग आहे ते आमच्या हिशेबाने.

९ सप्टेंबर २०२३ : फ्रेम

६ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, लेझर कटिंग. दोन गोष्टी लक्षात ठेवा. लेझरने कापलेली कड कडक होते. त्या कडेच्या भोकात थेट टॅप (आटे पाडायचे हत्यार) घातला की टॅप मोडतो. आमचे एम४चे तीन गेले. टॅपिंगची भोके लेझरने पाडूच नका, फक्त २ मिमीची खूण मारून घ्या आणि ती भोके ड्रिलने पाडा. दुसरे म्हणजे ॲक्सल बॉक्सच्या (धुऱ्याचे बेअरिंग धरणाऱ्या पेटीच्या) खाचा १ मिमी कमी ठेवून कापून घ्या, दोन्ही प्लेट एकत्र बोल्टने आवळा आणि एकाच सेटिंगमध्ये मिलिंग करा. वेगवेगळ्या केल्या तर डावा-उजवा धुरा काटकोनात बसत नाही, आणि तो दोष पुढे कपलिंग रॉडमध्ये (चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यात) अडकून दिसतो.

कापल्यावर प्लेट दीड मिमी वाकली होती. रोलिंगचा ताण मोकळा झाला की असे होते. प्रेसवर सरळ केली. पुन्हा केली तर गरम-रोल्ड प्लेटच घेऊ. कोल्ड-रोल्ड पत्रा दिसायला चकचकीत असतो, पण खाचा कापल्या की केळीच्या सालीसारखा वाकतो.

वळणाचा प्रश्न इथेच सोडवावा लागतो. पहिल्या ते चौथ्या धुऱ्याचे अंतर सुमारे ४०० मिमी आणि आमचे वळण १२ मीटर त्रिज्येचे. मधल्या दोन धुऱ्यांपाशी रूळ सरळ रेषेपासून दीड मिमी सरकतो. म्हणून मधल्या दोन धुऱ्यांची चाके बिनकडेची केली आणि त्यांची धाव ३ मिमी जास्त रुंद ठेवली. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ११९ मिमी.

२५ नोव्हेंबर २०२३ : चाकांचे ओतकाम, पहिला घाणा

पॅटर्न (वाळूचा साचा करायचा नमुना) सागवानी. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, तेवढी वाढ, आणि मशीनिंगसाठी सगळीकडे ३ मिमी. आऱ्यांना दोन्ही बाजूंनी दीड-दोन अंशांचा उतार दिला नाही तर पॅटर्न काढताना वाळू तुटते.

फौंड्रीने मोठ्या मालाच्या शेवटी आमचे साचे भरले. आठही चाके दिसायला छान आली. लेथवर चढवली आणि कार्बाइडच्या हत्याराची कड पहिल्या कटातच उडाली. आरे आणि कड पांढऱ्या बिडाची झाली होती. तोडून पाहिले तर तुटीचा रंग करड्याऐवजी चांदीसारखा. लाडलच्या (ओतायच्या भांड्याच्या) तळाचा थंडावलेला रस, आऱ्यांचा पातळ छेद आणि ओतल्यावर तासाभरात साचा फोडून बाहेर काढलेले चाक: तिन्ही कारणे एकत्र आली. पातळ बीड लवकर थंड झाले की त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटत नाही, लोखंडाशीच बांधलेला राहतो आणि धातू काचेसारखा कडक होतो.

पॅटर्न सोडून ओतकाम आणि वाहतुकीचे साडेसहा हजार रुपये गेले. ही चाके हीट ट्रीटमेंटला ९०० अंशांवर काही तास ठेवून भट्टीतच थंड करता येतात. चार पाठवली आणि ती मऊ झाली. पण धावेवर खवले आले आणि माप कमी पडले. बोगीच्या छोट्या चाकांसाठी ती वापरली.

२७ जानेवारी २०२४ : चाके, दुसरा घाणा

गड्ड्याच्या जत्रेमुळे संक्रांतीच्या आठवड्यात फौंड्रीत माणसे नव्हती, काम पुढे गेले. या वेळी तीन अटी आधी सांगितल्या: आमचे साचे घाण्याच्या सुरुवातीला, रस गरम असताना भरायचे, बीड पांढरे पडू नये म्हणून लाडलमध्ये फेरोसिलिकॉनचा चुरा टाकायचा, आणि साचे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोडायचे नाहीत. ग्रेड एफजी २०० (करडे बीड). पहिल्या आठपैकी सात चाके लोण्यासारखी कापली गेली. एकात धावेखाली वायूची पोकळी निघाली. म्हणून एक-दोन जास्तीच ओतून घ्या, पुन्हा एका चाकासाठी कोणी घाणा लावत नाही. आम्ही दहा ओतली होती.

फौंड्रीतल्या मंडळींना लहान कामाचा कंटाळा असतो असे म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. काय बनते आहे हे कळल्यावर भट्टीवरच्या कारागिराने रसाचा रंग पाहून स्वतःच दोन मिनिटे थांबायला सांगितले.

१६ मार्च २०२४ : धुरे आणि क्वार्टरिंग

धुरे ईएन८ पोलादाचे, २० मिमी; चाकाची बैठक १८ मिमी. चाके दाबून न बसवता लॉकटाइट ६३८ या चिकटद्रव्याने बसवली. व्यासात ०.०५ ते ०.०८ मिमी मोकळीक ठेवा. घट्ट फिटिंग केले की चाक घालताना चिकटद्रव्य पुसले जाते. दोन्ही भाग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बैठकीला बोट लावू नका.

डाव्या-उजव्या क्रँकमध्ये ९० अंश हवेत, यालाच क्वार्टरिंग म्हणतात. पण खरी गोष्ट अशी की, चारही धुऱ्यांवर हा कोन सारखाच असला पाहिजे. ८९ अंश आला तरी इंजिन चालते. तीन धुरे ९० चे आणि एक ८९ चा असला तर रॉड प्रत्येक फेऱ्यात दोनदा अडकतो. म्हणून एकच जिग (चाके ठरल्या कोनात धरणारी चौकट) करा, आणि चारही धुरे एका बैठकीत, जिगचे काहीही न हलवता लावा. आमच्या तिसऱ्या धुऱ्याच्या वेळी जिगच्या खुंटाखाली बिडाची कीस राहिली. रॉड लावल्यावर अडकण दिसली. चाकाचा बॉस (मधला जाड भाग) २५० अंशांपर्यंत गरम करून सोडवले आणि पुन्हा लावले. कपलिंग रॉडची भोके मोठी करून अडकण घालवण्याचा मोह टाळा. तसे केले की प्रत्येक फेऱ्यात खडखड येते आणि बुश महिनाभरात जाते.

१० ऑगस्ट २०२४ : सिलिंडर

गनमेटलऐवजी (तांबे-कथलाच्या मिश्रधातूऐवजी) बीड. भाव हे एक कारण, दुसरे म्हणजे बिडाला तेल धरून ठेवण्याचा गुण आहे. रोज वापर नसेल तर बीड गंजते, म्हणून चालवून झाल्यावर सिलिंडरमध्ये तेल सोडून चाके हाताने फिरवून ठेवायची. पिस्टनला दोन बिडाच्या रिंगा, ग्लँडमध्ये (पिस्टनचा दांडा बाहेर येतो तिथे) ग्रॅफाइटची दोरी. ही दोरी पंपाच्या सामानाच्या दुकानात मिळते. व्हॉल्व्ह डी-स्लाइड (सरकणारा), पोर्ट (वाफेच्या वाटा) एंडमिलने कापले. पोर्टच्या कडा चौकोनी हव्यात, ड्रिलची गोल कड ठेवली तर वाफ उशिरा सुटते.

५ ऑक्टोबर २०२४ : तांबे

इथून पुढचे काम सावकाश वाचा, बॉयलरमध्ये चूक स्वस्त पडत नाही.

बॅरल (बॉयलरचा गोल नळ) १२५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी पत्रा. ट्यूब प्लेट (ट्यूबची टोके बसतात ती), बॅकहेड (बॉयलरची मागची प्लेट) आणि फायरबॉक्सच्या (आगीच्या पेटीच्या) प्लेटही ३ मिमी. तांब्याचा भाव तेव्हा किलोला हजाराच्या आसपास होता. कापून वाया जाणारे धरून १४ किलो घेतले.

प्लेटच्या कडा वळवण्यासाठी १२ मिमी एमएसचे फर्मे केले, कडेला ५ मिमीची गोलाई. तांब्याचा पत्रा फिकट लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ होतो. पाच-सहा फटक्यांच्या फेऱ्यांत पुन्हा कडक होतो, आणि हे हाताला कळते: हातोडी आधी पत्र्यात बसते, मग उसळायला लागते. उसळली की थांबायचे, पुन्हा तापवायचे. पुढे ठोकत राहिले तर कोपऱ्यावर बारीक तडा जातो, आणि तो बहुधा डाग देऊन (चांदीच्या कांडीने जोडून) झाल्यावरच दिसतो. आमच्या बॅकहेडच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला असा तडा गेला. ती प्लेट भंगारात टाकली. तडा भरून वापरायची नाही.

आगीचा धूर नेणाऱ्या ट्यूब १६, अर्ध्या इंचाच्या, जाडी २० गेज. एसीच्या कामाची नरम गुंडाळी स्वस्त मिळते, पण सरळ केली तरी ती किंचित लंबगोल राहते. ट्यूब प्लेटच्या भोकात एका बाजूला ०.२५ मिमीची फट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चांदीचा डाग ०.०५ ते ०.१ मिमीच्या फटीतच ओढला जातो. सरळ, कडक लांबी घ्या आणि फक्त टोके मऊ करा.

स्टे (समोरासमोरच्या प्लेटना बांधून ठेवणारे दांडे) ५ मिमी तांब्याचे, २० मिमी अंतराने. बुश गनमेटल किंवा फॉस्फर ब्रॉन्झचे. पितळेचे बुश बॉयलरमध्ये कधीही लावू नका. गरम पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे भुसभुशीत तांबे राहते.

१५ डिसेंबर २०२४ : डाग

एसी मेकॅनिककडे मिळणारी २ टक्के चांदीची फॉस्फरसवाली कांडी स्वस्त असते आणि तांब्यावर फ्लक्सशिवाय (जोड स्वच्छ ठेवणाऱ्या लेपाशिवाय) वाहते. म्हणूनच ती हाताशी येते. ती बॉयलरला लावू नका. कोळशाच्या धुरात गंधक असते आणि गंधकात तो जोड खाल्ला जातो. 

आम्ही दोन कांड्या वापरल्या. आतले जोड, म्हणजे फायरबॉक्स आणि ट्यूब, ४० टक्के चांदीच्या कांडीने (६५० ते ७१० अंश). बाहेरचे, शेवटी येणारे जोड ५५ टक्क्यांच्या कांडीने (६३० ते ६६० अंश). नंतरचा जोड करताना आधीचा सुटू नये म्हणून हा क्रम. दोन्ही कॅडमियमविरहित. बाजारात ४५ टक्क्यांची कॅडमियमवाली कांडीही मिळते, ती छान वाहते, पण तिचा धूर जीवघेणा आहे. पाकिटावर काय लिहिले आहे ते पाहूनच घ्या. ४०० ग्रॅमच्या आसपास कांडी लागली, आणि खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा हाच: जवळपास पंचवीस हजार.

उष्णता हा खरा प्रश्न. तांबे उष्णता ओढून नेते, त्यामुळे जोड नव्हे, अख्खा बॉयलर तापवावा लागतो. १९ किलोच्या एका कमर्शियल सिलिंडरवर मोठा बर्नर लावला. अर्ध्या कामात सिलिंडरच्या बाहेर दव साचले, दाब पडला आणि ज्योत मऊ झाली. गॅस वेगाने ओढला की सिलिंडर थंड होतो आणि आतला द्रव वाफ होईनासा होतो. दोन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर (सामाईक नळीवर) जोडल्यावर प्रश्न मिटला. बॉयलरभोवती सिरॅमिक ब्लँकेट आणि फायरब्रिकची खोळ केली. तिच्यामुळे लागणारा वेळ निम्म्यावर आला.

प्रत्येक फेरीनंतर १० टक्के गंधकाम्लात रात्रभर. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही.

१९ जानेवारी २०२५ : हायड्रो टेस्ट

पहिल्या चाचणीचा दाब कामाच्या दुप्पट, म्हणजे १० किलो. बॉयलर पाण्याने काठोकाठ, हवा अजिबात नाही, हाताचा पंप. ३ किलोला फाउंडेशन रिंगच्या (फायरबॉक्सच्या तळाच्या चौकटीच्या) मागच्या दोन कोपऱ्यांतून पाणी झिरपले.

कोपरा उघडून पाहिला. कांडी गोळ्या होऊन वर बसली होती, आत गेलीच नव्हती. सिलिंडर थंडावल्यामुळे तापवणे लांबले, तेवढ्या वेळात फ्लक्स जळून काळा झाला, आणि काळ्या फ्लक्सखाली कांडी वाहत नाही. अशा ठिकाणी छोट्या टॉर्चने वरून ठिगळ लावू नका. पूर्ण बॉयलर पुन्हा आम्लात, कोपरे घासून उजळ, नवा फ्लक्स, पुन्हा पूर्ण तापवणी. मग १० किलोवर अर्धा तास काटा हलला नाही. फायरबॉक्सच्या छतावर आधी आणि नंतर स्टीलपट्टी ठेवून पाहिली, फुगवटा नाही.

२ मार्च २०२५ : हवेवर

कॉम्प्रेसरच्या २ किलोवर व्हॉल्व्हचे टायमिंग लावले. चाके हाताने फिरवून दोन्ही टोकांना पोर्ट सारखाच उघडतो का, हे ड्रेन कॉकमधून येणाऱ्या हवेच्या आवाजावर ओळखता येते. हवेवर सहज चाललेले इंजिन वाफेवर तसेच चालेल असे धरू नका. सिलिंडर तापला की सगळ्या फटी बदलतात. सिलिंडर ऑइल ४६० ग्रेडचे. मोटारीचे तेल वाफेत पांढरे होऊन धुऊन जाते.

२३ मार्च २०२५ : पहिली वाफ

पाणी आरओचे. सोलापुरात बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तोच बारीक ट्यूबवर बसेल. पेटवण लोणारी कोळशाची, चिमणीवर १२ व्होल्टचा छोटा पंखा, वाफ १ किलो झाल्यावर ब्लोअर (चिमणीत वाफ सोडून आगीची ओढ वाढवणारी नळी).

सेफ्टी व्हॉल्व्ह दोन. ब्लोअर पूर्ण सुरू, आग पूर्ण, रेग्युलेटर बंद: या स्थितीत दाब ५.५ च्या वर जाता कामा नये, म्हणजे कामाच्या दाबापेक्षा दहा टक्के. आमचा ६ पर्यंत गेला. आग लगेच पाडली. व्हॉल्व्ह वेळेवर उघडत होता, पण बॉलच्या भोवती वाफेला वाट कमी होती. बॉलची चेंबर १ मिमीने मोठी केली. दुसऱ्या वेळी ५.३ ला थांबला.

वॉटर गेजची काच आतून ४ मिमीपेक्षा बारीक घेऊ नका. बारीक काचेत पाणी चिकटून वर राहते आणि खोटी पातळी दिसते.

आग एका बाजूलाच लाल होत होती. चिमणीतून खाली सरळ सळई सोडून पाहिली तर ब्लास्टचे (सिलिंडरमधून चिमणीत सुटणाऱ्या वाफेचे) तोंड ३ मिमी डावीकडे. ते मधोमध आणले. तोंडाचे भोक ५ मिमी, बोअरच्या सातव्या भागाइतके. स्मोकबॉक्समध्ये (चिमणीखालच्या धुराच्या पेटीत) वाफेचे नळ जिथून येतात तिथली फट फायर सिमेंटने बुजवल्यावर ओढ दुप्पट वाटली.

२७ एप्रिल २०२५ : कोळसा आणि ऊन

एका टॉवेल प्रोसेस हाउसच्या बॉयलरचा कोळसा मागून आणला. राख फार. थोड्याच वेळात जाळीवर खडा बसला आणि आग गुदमरली. कोळसा फोडून ८ ते १२ मिमीच्या चाळणीतून गाळला, भुकटी टाकली, निम्मा लोणारी कोळसा मिसळला. आता आग टिकते, पण लोणारी कोळसा भराभर जळतो, त्यामुळे फावडे हातातून ठेवता येत नाही. जाळीच्या पट्ट्या एमएसच्या होत्या, त्या वाकल्या. ५ मिमी स्टेनलेस लावल्या, मधली फट ४ मिमी.

इंजेक्टर (वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन) बाहेरून मागवलेला आहे. मार्चमध्ये तो सकाळी पाणी छान उचलत होता, एप्रिलच्या दुपारी उचलेना. आतले सुळे (निमुळत्या नळ्या) काढून धुतले, गाळणी बदलली, फरक नाही. मग टाकीत थर्मामीटर घातला: ४६ अंश. इंजेक्टर आत आलेली वाफ थंड पाण्यात जिरवून चालतो. पाणीच गरम असेल तर वाफ जिरत नाही आणि सगळे ओव्हरफ्लोमधून बाहेर पडते. बॉयलरला चिकटलेल्या साइड टँक आणि सोलापूरचे ऊन, दोन्हीकडून पाणी तापत होते.

टाकी आणि बॉयलरच्या मध्ये ६ मिमी कॉर्कचा थर घातला. इंजेक्टरची ओढ डाव्या टाकीतून काढून मागच्या गाडीवरच्या, ओले गोणपाट गुंडाळलेल्या कॅनला जोडली. त्यात पाणी ३० अंशांच्या आसपास राहते आणि इंजेक्टर पहिल्या झटक्यात उचलतो. धुऱ्यावरचा पंप गरम पाण्यावरही चालतो, म्हणून चालताना पंप आणि थांबल्यावर इंजेक्टर. हाताचा पंप तिसरा, तो काढायचा नाही: दोन्ही एकदम बंद पडले तर आग पाडेपर्यंत पाणी देण्याचे तेवढेच साधन उरते.

१८ मे २०२५ : तपासणी

पुन्हा हायड्रो, या वेळी कामाच्या दीडपट, साडेसात किलो. कोरडा. बिनकडेच्या चाकांची धाव १२ मीटरच्या वळणावर रुळावरून सुटत नाही. तिसऱ्या धुऱ्याचे डावे बुश थोडे गरम होते, तेलाची खाच तिरकी कापली गेली आहे, ते बदलायचे. चाकांचे आणि सिलिंडरचे पॅटर्न जपून ठेवले आहेत. ज्यांना याच प्रमाणात काम करायचे आहे त्यांनी ते वापरताना आऱ्यांची जाडी १ मिमीने वाढवावी, म्हणजे बीड पांढरे पडण्याचा धोका आणखी कमी होईल.